भूतानचा त्सेचू बघायचाय? मग आधी पंचांग उघडा

दोन वर्षांत दोनदा भूतानला जाऊन आले, एकदा पारोच्या त्सेचूला, म्हणजे मुखवट्यांच्या नाचांच्या धार्मिक उत्सवाला, आणि एकदा थिंफूच्या, आणि तेव्हापासून सोसायटीतले, ऑफिसमधले, आईच्या भजनी मंडळातले सगळे विचारतायत की कसं जायचं, कधी जायचं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. पुण्याहून जाणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यामुळे हिशोब आपल्याकडचाच आहे.

सगळ्यात आधी तारीख. बहुतेक लोक इथे चुकतात. मुलांच्या सुट्ट्या बघून टूर बुक करतात आणि तिकडे गेल्यावर कळतं की उत्सव चार दिवसांपूर्वी संपला. त्सेचू या शब्दाचा अर्थच दहावा दिवस, म्हणजे आपली दशमी. गुरु रिनपोछे म्हणजे पद्मसंभव, ज्यांनी आठव्या शतकात हिमालयात बौद्ध धर्म रुजवला, त्यांच्या नावाने हा उत्सव चांद्र महिन्याच्या दशमीच्या आसपास होतो. भूतानच्या पंचांगातही आपल्यासारखाच अधिक महिना येतो, तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. थिंफूचा त्सेचू 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला सुरू झाला, तो आपला दसरा होता. 2024 मध्ये 13 सप्टेंबरला होता, म्हणजे भर गणपतीत. पारोचा वसंतात असतो आणि पौर्णिमेला संपतो, 2024 मध्ये 25 मार्चला म्हणजे धुळवडीला संपला आणि 2025 मध्ये 12 एप्रिलला, हनुमान जयंतीला. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून कालनिर्णय बघून अंदाज घ्या, मग भूतानच्या पर्यटन खात्याने जाहीर केलेली तारीख पक्की करा आणि त्यानंतरच तिकीट काढा. गणपती सोडून जायला मन होत नसेल तर सरळ पारोचा निवडा, पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तरी पारोच सांगेन, कारण तो पाच दिवस चालतो आणि शेवटच्या पहाटे जे दिसतं ते जन्मभर लक्षात राहतं. त्यावर येतेच.

आता कागदपत्रं. आपल्याला व्हिसा लागत नाही पण परमिट लागतं. त्यासाठी पासपोर्ट, निदान सहा महिने व्हॅलिड असलेला, किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, मूळ कार्ड, झेरॉक्स नाही. आधार कार्ड चालत नाही, हे तीनदा वाचा. आमच्यासोबत निघालेल्या एका काकांकडे फक्त आधार होतं, बुकिंग करणाऱ्या एजंटने विचारलंच नाही, आणि ते आणि काकू सीमेवर आपल्या बाजूच्या जयगावच्या हॉटेलात आठवडाभर बसून परत आले, अजून वाईट वाटतं. लहान मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला मूळ न्या. भारतीयांना माणशी रोज रात्रीचे 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, 6 ते 12 वयाच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना नाही. म्हणजे नवरा-बायको आणि आठ वर्षांचं मूल असेल तर रात्रीचे 3000, सहा रात्रींचे 18000, हे हॉटेल-जेवण सोडून. परमिटचं काम ऑनलाइन आधीच करून ठेवा, उत्सवाच्या दिवसांत तिथल्या ऑफिसांना सुट्टी असते.

जायचं कसं, तर दोन रस्ते. पुण्याहून दिल्ली किंवा कोलकात्याला जाऊन तिथून पारोचं विमान, दिल्लीहून जात असाल तर डावीकडची खिडकी घ्या, एव्हरेस्टची रांग त्या बाजूला दिसते. दुसरा स्वस्त रस्ता म्हणजे बागडोगऱ्यापर्यंत विमान किंवा हासीमारापर्यंत रेल्वे, मग जयगावच्या गेटमधून पलीकडे भूतानचं फुन्तशोलिंग आणि तिथून थिंफूपर्यंत पाच-सहा तास घाट. घाट म्हणजे खरंच घाट, वरंधा आणि ताम्हिणी एकाला एक जोडल्यासारखा, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच बसावं. घड्याळ अर्धा तास पुढे करा. आपले रुपये तिथे चालतात, तिथल्या चलनाचा, न्गुलत्रुमचा, भाव रुपयाइतकाच आहे.

आता खरा विषय, बघायचं कसं. आपल्याकडे सवय अशी की सकाळी एक पॉइंट, दुपारी दोन पॉइंट, संध्याकाळी शॉपिंग. त्सेचूच्या दिवसांत हे डोक्यातून काढून टाका. एक अख्खा दिवस फक्त बसायचं. तिथली माणसं सकाळी लवकर येतात, आजी, नातवंडं, सुना, सगळे ठेवणीतले पारंपरिक कपडे, पुरुष घो आणि बायका किरा, घालून, डबे घेऊन, चटया टाकून, अगदी आपल्या गावच्या जत्रेला बैलगाडी सोडून बसायचे तसे. आम्ही सतरंजी, थर्मास, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेलो होतो, शेजारच्या आजीबाईंनी आईला लाल भाताचा घास दिला, आईने दशमी दिली, एकमेकींची भाषा येत नसताना दोघी दोन तास गप्पा मारत होत्या. पारोमध्ये पहिल्या दिवशीचे नाच झोंगच्या आतल्या चौकात होतात, नंतरचे बाहेरच्या पटांगणावर. झोंग म्हणजे किल्ला आणि मठ एकत्र.

मुखवट्यांच्या नाचाला छम म्हणतात. नाचणारे भिक्षू असतात किंवा गावातले लोक, आणि त्यांच्यासाठी ती साधना आहे, कार्यक्रम नाही, त्यामुळे मधेच रिंगणात शिरून फोटो काढू नका. कथा माहीत असली तर रस दहापट वाढतो, म्हणून तीन-चार सांगते. काळ्या टोप्यांचा नाच, शानाग, हा लांगदर्मा नावाच्या तिबेटी राजाच्या वधाची आठवण आहे, तो बौद्ध धर्मावर उठला होता आणि एका भिक्षूने रुंद बाह्यांच्या झग्यात धनुष्यबाण लपवून त्याला मारलं, म्हणूनच त्या झग्याच्या बाह्या एवढ्या मोठ्या. पांढऱ्या कपड्यांतले, कवटीचे मुखवटे घातलेले येतात ते स्मशानाचे रक्षक, त्यांना बघून लहान मुलं घाबरतात तर आधीच सांगून ठेवा. आणि राक्षा मार्छम चुकवू नकाच. यमाचा भलामोठा मुखवटा येतो, पापी माणसाचा निवाडा होतो, पांढरा देव त्याच्या पुण्याचे पांढरे खडे मोजतो, काळा राक्षस पापाचे काळे. आईला कुणी समजवावं लागलं नाही, ती म्हणाली, अगं हा चित्रगुप्ताचा हिशोब. हा खेळ बराच वेळ चालतो, मधे उठू नका, कारण पुण्यवान माणसाचा निवाडा शेवटी येतो.

मधे मधे लाल मुखवट्याचे अत्सरा फिरतात. अत्सरा हा शब्द आचार्य वरूनच आला असं सांगतात, काम मात्र तमाशातल्या सोंगाड्याचं, लोकांना हसवायचं, चिडवायचं, आणि नाचणाऱ्याचा मुखवटा सरकला तर नीटही करून द्यायचा. त्यांच्या हातात लाकडी लिंग असतं आणि ते चेष्टाही तशाच करतात. तिथे ते अशुभ टाळणारं मानतात, घरांच्या भिंतींवरही काढलेलं असतं. सासू-सासरे बरोबर असतील तर गाडीतच सांगून टाका म्हणजे तिथे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

कपडे. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट किंवा सलवार, साडी उत्तम. झोंगमध्ये आणि देवळात टोपी काढायची, गाभाऱ्यात चप्पल काढायची आणि फोटो काढायचे नाहीत. स्तूपाला प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवा हात स्तूपाकडे. पारो साधारण 2200 मीटरवर आहे, पहाटे गारठा आणि दुपारी ऊन चटके देतं, पुण्यातला डिसेंबरचा स्वेटर पुरत नाही, आतून थर्मल घाला आणि वरून काढता येईल असं जाकीट.

जेवणाचं शाकाहाऱ्यांनी टेन्शन घेऊ नये. एमा दात्शी म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या, तिखट चालणाऱ्यांनाच, बाकीच्यांनी केवा दात्शी मागा, त्यात बटाटा असतो. सुजा हा लोण्याचा खारट चहा आहे, चहा समजून प्यायलात तर तोंड वाकडं होईल, सूप समजून प्या, थंडीत फार बरं वाटतं.

तक्त्सांगचा मठ, कड्यावरचा तो फोटोतला, 3120 मीटरवर आहे, पारो खोऱ्यापासून साधारण 900 मीटर वर. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला जमतं, न चढणाऱ्यांनी जायच्या आधी महिनाभर पर्वती तरी सुरू करा. पण तो त्सेचूच्या आधी करा, नंतर नाही, कारण शेवटची रात्र झोपेची नसते.

तर ती पहाट. पौर्णिमेला, अंधारात, पारोच्या पटांगणावर थोंगड्रोल उलगडतात, कित्येक मजली उंच कापडी चित्र, मधोमध गुरु रिनपोछे. थोंगड्रोल म्हणजे नुसतं बघण्याने मुक्ती. वर्षातून एकदाच बाहेर येतं आणि सूर्याचं ऊन पडायच्या आत गुंडाळून ठेवतात. गाइड म्हणाला साडेसहाला नेतो, तर ऐकू नका, त्याला आदल्या दिवशीच सांगा की तीनला गाडी हवी. आम्ही साडेतीनला पोचलो तर शेकडो लोक आधीच रांगेत होते. लांब कर्ण्यांचा आवाज छातीत घुमतो, लोण्याचे दिवे लागतात, आणि लोक एक एक करून चित्राच्या खालच्या कडेला कपाळ टेकतात. आम्हीही टेकलं. आई काकड आरतीला उभी राहते तशी हात जोडून उभी होती, थंडीने थरथरत होती पण शाल घ्यायला हलली नाही. मोबाइल खिशात ठेवा त्या वेळी, एक फोटो काढा आणि ठेवून द्या.

परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका. पारोला विमानं उजेडात आणि हवा स्वच्छ असेल तरच उतरतात-उडतात, उशीर होऊ शकतो, म्हणून दिल्ली किंवा कोलकात्याहून पुण्याचं पुढचं तिकीट पारोहून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढा आणि उत्सव संपल्याच्या दुपारी पारोतच मस्त झोप काढा.