सोलापुरात शिकायला आलात? उन्हाळ्याची इंटर्नशिप दिवाळीआधी बघा

धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडून येणाऱ्या पोरांना खोली, मेस आणि रिक्षाचे दर महिन्याभरात पाठ होतात. इंटर्नशिप मात्र मार्चमध्ये आठवते. बाहेरून येऊन इथेच रुजलेल्या आम्हा मंडळींचं म्हणूनच सांगणं, कॅलेंडर आधी बघा.

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात. घोडं अडतं शिफारसपत्रापाशी. सरांना शेवटच्या दिवशी गाठलंत, तर ते 'विद्यार्थी कष्टाळू आहे' यापलीकडे काय लिहिणार? तीन आठवडे आधी जा. गुणपत्रिका न्या आणि त्यांच्याकडे केलेल्या प्रॅक्टिकलबद्दल चार ओळी लिहून द्या. मेडिकलवाल्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस, म्हणजे अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती, आहे. तिला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि कमिटी रोज बसत नाही. बैठकीची तारीख काढा, मग विषय ठरवा.

पण नजर फक्त बंगळुरू-मुंबईवर कशाला? केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. 'मला इंटर्नशिप हवी' एवढ्यावर कुठलाच शास्त्रज्ञ हलत नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या डागातून जिवाणू वेगळा करायला शिकायचंय, अमुक तारखेपासून सहा आठवडे मोकळे आहोत, मायक्रोबायोलॉजीची ही प्रॅक्टिकल्स झालीत, असं लिहा. दीडशे शब्द पुरे. एका वेळी एकालाच ईमेल करा. दहा जणांना एकदम पाठवलेला मेल लगेच ओळखू येतो. दहा दिवसांनी एकदा आठवण द्या. सरकारी संस्थेत प्राचार्यांच्या सहीचं पत्र बहुधा लागतंच, ते तयार ठेवा.

चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत उलटं. तिथे ईमेल कोण वाचतो! अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कॉलेजचं पत्र घेऊन स्वतः जा, पाळी बदलायची वेळ टाळा. मालकाच्या कामाचं काहीतरी मागा. एका लूमची (मागाची) पंधरा दिवसांची नोंद घ्या: ताणा (उभा धागा) किती वेळा तुटला, बाणा (आडवा धागा) किती वेळा, लूम किती मिनिटं बंद राहिला, त्या वेळी हवेत ओलावा किती होता. कोरड्या हवेत सुती धागा कमजोर होतो, आणि आपला एप्रिल कसा असतो ते कळेलच. धाग्याला लावलेली खळ कमी पडली तरी ताणा तुटतो, त्यामुळे तीही लिहून ठेवा, नाहीतर दोष भलत्याच गोष्टीवर जाईल. संख्याशास्त्र, कॉमर्स, इंजिनिअरिंग, तिघांनाही यात प्रकल्प सापडतो. विणकरांत तेलुगू बोलणारे बरेच आहेत. 'बागुन्नारा' (बरे आहात ना) म्हणून सुरुवात केलीत, तर माहिती जास्त मिळते.

इंटर्नशिपच्या श्रेयांकाचं (क्रेडिटचं) गणित सोपं आहे: एक श्रेयांक म्हणजे 30 तास. चार श्रेयांकांना 120, म्हणजे रोज सहा तास धरले तर 20 दिवस. प्रमाणपत्रावर नुसत्या तारखा असतात आणि तास नसतात, तिथे कॉलेज अडवतं. लॉगबुकवर रोजच्या रोज सही घ्या. महिन्याच्या सह्या एकदम घेतल्या की शाई एकच दिसते. कॉलेजची मंजुरी काम सुरू होण्याआधीच घ्या.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 साली आली, तेव्हा तिची अट 21 ते 24 वर्षं आणि पूर्णवेळ शिक्षण सुरू नसावं अशी होती. त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या वर्षीची पात्रता वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फी भरा, घरबसल्या प्रमाणपत्र' म्हणणाऱ्यांना नमस्कार करा आणि पुढे चला.

चौथ्या वर्षाची संशोधनासह ऑनर्स पदवी हवी असेल, तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. त्याआधी हात बसवायला 'आविष्कार' ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. पदवीच्या मुलांसाठी तिथे वेगळा गट असतो. कॉलेजात नाव कोणाकडे द्यायचं, ते जूनमध्येच विचारून ठेवा.

आणि बँकेचं खातं तपासा. केवायसी राहिलेलं किंवा आधार न जोडलेलं असेल, तर स्टायपेंड अडकू शकतो. गावाकडच्या शाखेत हेलपाटा तेवढा वाढतो.