लंडनचा मॉड सूट कोल्हापुरात शिवून घेताना

साठचे दशक म्हटले की आपल्याकडे बेलबॉटम डोळ्यांसमोर येते आणि पहिली चूक तिथेच होते. लंडनमधील मॉड, म्हणजे नेटक्या कपड्यांचे, स्कूटरचे आणि संगीताचे वेड असलेले तरुण, १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात जो सूट वापरत, तो इटालियन शिलाईवरून उचललेला आणि सगळीकडून अरुंद असे. पायघोळ पँटी नंतर आल्या.

कापडापासून सुरुवात करावी. मॉड मंडळींना मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीची चमकदार लोकर, मिसळलेले, हलताना रंग पालटणारे कापड प्रिय होते. महाद्वार रोडवर ‘मोहेर’ म्हणून मागण्यापेक्षा टेरिवूलमध्ये (पॉलिएस्टर-लोकर मिश्र कापडात) धूपछाँव आहे का, असे विचारावे, आणि ठाण दुकानाच्या पायरीपर्यंत आणून उन्हात तिरके धरावे, कारण ट्यूबलाइटखाली निळ्यातला तांबूस दोरा दिसतच नाही.

मास्तरांना फोटो दाखवून भागत नाही. आकडे सांगावे लागतात. माझ्या पहिल्या कोटाच्या वेळी मी नुसता फोटो दिला आणि खांद्यात जाड पॅड भरलेला, नवरदेवाला शोभेल असा कोट हाती आला. तेव्हा मास्तरांच्या वहीत असे लिहून घ्यावे: तीन बटणे, लॅपल (कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी) सव्वादोन इंच, खांद्याला पॅड जवळपास नाही, पँटची मोहरी १६ इंच, प्लेट नाही, आणि कोटाला मागे दोन्ही बाजूंना ८ इंचांचे कट. हे कट निव्वळ शोभेचे नव्हेत. ही मुले व्हेस्पा आणि लँब्रेटा स्कूटरवरून फिरत, सूट मळू नये म्हणून वरून लष्करी पार्का, म्हणजे टोपी असलेला सैल कोट, चढवत. त्यामुळे कच्च्या शिलाईच्या ट्रायलला गेल्यावर दुकानाबाहेरच्या स्कूटरवर बसून पाहावे. कोट पाठीवर गोळा झाला, तर कट आखूड आहेत.

लॅपलची कटकट नको असेल, तर बीटल्सनी १९६३ मध्ये घातलेला, डगी मिलिंग्ज या शिंप्याने शिवलेला बिनकॉलरचा कोट आहे. मात्र मला तो गणवेशासारखा वाटतो. मुलींसाठी काम सोपे आहे: फॅशन डिझायनर मेरी क्वांटने १९५५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर दुकान उघडले, आणि त्या धाटणीचा गुडघ्यावरचा, कमरेत न आवळलेला सरळ झगा कोणतीही कुर्ती शिवणारी बाई सहज बेतून देईल.

शेवटच्या ट्रायलला मोबाइलवर अमेरिकन सोल संगीत लावावे, कारण लंडनच्या सोहो भागातल्या क्लबांमध्ये ही मुले त्यावरच रात्रभर नाचत. मास्तर हसले तरी दोन्ही हात वर करून चार पावले टाकावीत. काखेत कापड ओढले गेले, तर अस्तर लावण्याआधीच बाही उसवून घ्यावी.