सर्व्हरचं मागीलदार: ॲडमिन पॅनल रस्त्यावरून कसं हटवावं

फोंड्यातल्या एका लहान वाचनालयाची पुस्तकसूची ज्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे, तो मी सांभाळतो. सर्व्हर संध्याकाळी सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. रात्रभरात रूट, ॲडमिन, टेस्ट, उबुंटू, पोस्टग्रेस अशी नावं घालून लॉगिनचे शेकडो प्रयत्न झाले होते. वाचनालयाच्या समितीलासुद्धा तोवर पत्ता दिलेला नव्हता.

यात कुणी आपल्यावर डूख धरलेला नसतो. इंटरनेटवर आयपीव्ही४ प्रकारचे सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन आणलं, ते एका पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत तपासू शकतं. सकाळी पदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत वाड्यावरच्या एकूण एक दारापुढून जातो, तसे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, फिरत असतात. ‘आमच्या एवढ्याशा सर्व्हरात कुणाला काय रस’ हे होमस्टेवाले, देवस्थानवाले, दुकानदार सगळेच म्हणतात, आणि इथेच फसतात.

आपल्या जुन्या घरांत पुढलं दार चवथीला साऱ्या गावासाठी उघडं असतं, पण मागीलदारी कुणीही अनोळखी येत नाही. सर्व्हरचंही तसंच ठेवायचं. वेबसाइट सगळ्यांसाठी, ॲडमिन पॅनल, म्हणजे जिथून सगळा कारभार चालतो ते पान, फक्त घरच्यांसाठी. बहुतेक जण आधी पासवर्ड लांब करत बसतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी ते दार रस्त्यावरून हलवा, कुलपाचं मग बघू.

पहिली पायरी: काय काय उघडं आहे?

सर्व्हरवर ‘एसएस’ ही आज्ञा टी, एल, एन, पी हे पर्याय जोडून सुडोने (म्हणजे मुख्य अधिकाराने) चालवा. कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर कान देऊन बसला आहे, त्याची यादी येते. पत्त्याच्या रकान्यात १२७.०.०.१ असेल तर तो प्रोग्राम फक्त सर्व्हरच्या आतूनच दिसतो. ०.०.०.०, तारांकन किंवा चौकटी कंसात दोन विसर्गचिन्हं ([::]) असतील, तर तो सगळ्या जगासाठी बसलाय आणि मध्ये फायरवॉलखेरीज (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीखेरीज) काही नाही. २२ म्हणजे एसएसएच (दुरून सर्व्हरवर काम करण्याची सुरक्षित वाट), ३३०६ मायएसक्यूएल आणि ५४३२ पोस्टग्रेस हे डेटाबेस, १०००० वेबमिन आणि ८००६ प्रॉक्समॉक्स ही पॅनलं. ओळखू न येणारा आकडा दिसला तर तो कशाचा ते कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग बाहेरून बघा. फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून पॅनलचं पोर्ट ब्राउझरमध्ये उघडून पाहा. ही पायरी मी कधीच गाळत नाही, आणि त्याला कारण आहे. म्हापशातल्या एका मित्राच्या होमस्टेचं बुकिंग डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात, चालतं. त्याने यूएफडब्ल्यू फायरवॉल लावली होती आणि ८०८० बंद असल्याचं ती छातीठोकपणे सांगत होती. आम्ही शुक्रवारच्या बाजारात उभे राहून त्याच्या फोनवर पत्ता टाकला, तर डेटाबेसचं पॅनल समोर हजर! डॉकर बाहेर काढलेल्या पोर्टसाठी स्वतःचे नियम थेट लिनक्सच्या फायरवॉलमध्ये घालतो आणि यूएफडब्ल्यूचे नियम बाजूलाच राहतात. उपाय एका ओळीचा आहे. डॉकरच्या मांडणीच्या (कंपोज) फाइलीत पोर्टच्या ओळीत ‘८०८०:८०८०’ असेल तिथे ‘१२७.०.०.१:८०८०:८०८०’ करा आणि कंटेनर पुन्हा उभा करा. आम्ही तिथेच लॅपटॉप उघडून ते केलं.

दुसरी पायरी: दार आत घ्या

डॉकर नसलं तरी तत्त्व हेच. बहुतेक पॅनलच्या सेटिंगमध्ये ‘कोणत्या पत्त्यावर ऐकायचं’ याची ओळ असते, तिथे १२७.०.०.१ घाला. मग तुम्ही स्वतः आत कसे जाणार? एसएसएचच्या बोगद्यातून. जोडणी करताना मोठ्या एलचा पर्याय देऊन आपल्या लॅपटॉपचं एक पोर्ट सर्व्हरच्या आतल्या पोर्टला जोडता येतं. मग ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ उघडलं की पॅनल दिसतं. बाहेरच्याला मात्र तिथे काहीच दिसत नाही.

रोज दोन-चार जणांना आत जायचं असेल तर बोगद्याचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी वायरगार्ड हा व्हीपीएन (घरच्यांपुरतं खासगी जाळं) बसवा. २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, ‘चुकीची किल्ली’ असंदेखील म्हणत नाही.

दोन सोप्या वाटणाऱ्या वाटांपासून सावध राहा. एक म्हणजे घरच्या आयपी पत्त्यालाच परवानगी देणं. ऑफिसला कायमचा पत्ता असेल तर ते उत्तम, पण घरगुती जोडणीचा पत्ता बदलत राहतो. आषाढातल्या एका रात्री वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, पत्ता बदलला आणि मी माझ्याच सर्व्हरच्या बाहेर उभा. होस्टिंगवाल्याच्या वेब कन्सोलमधून आत शिरता आलं म्हणून वाचलो. दुसरी वाट म्हणजे पॅनलला कुणालाही न सुचेलसं सबडोमेन देणं. त्या नावाने एसएसएल प्रमाणपत्र काढलंत की ते नाव सार्वजनिक प्रमाणपत्र-नोंदींमध्ये जातं आणि बॉट त्या नोंदीही वाचतात.

शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेकांनी वाटून घेतलेला) सीपॅनल हे पॅनल असेल तर ते हलवणं तुमच्या हातात नसतं. तिथे निदान दुहेरी पडताळणी (पासवर्डबरोबर आणखी एक कोड) आजच सुरू करा.

तिसरी पायरी: आता कुलूप

एसएसएचला पासवर्ड नको, किल्ली हवी (एक खासगी आणि एक सार्वजनिक अशी फाइलींची जोडी). लॅपटॉपवर ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवा, तिला पासफ्रेज (किल्लीचाच पासवर्ड) द्या, सार्वजनिक अर्धा भाग सर्व्हरवर ठेवा आणि तिने आत जाता येतं याची खात्री करा. त्यानंतरच एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ला ‘नो’ करा आणि रूटचं (सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचं) थेट लॉगिन बंद करा. त्याआधी सुडोचा अधिकार असलेलं स्वतःचं खातं मात्र तयार हवं.

इथे उबुंटूवर एक खाच आहे. मुख्य फाइलीत ‘नो’ लिहूनही पासवर्ड चालू राहतो, असं बऱ्याच भाड्याच्या सर्व्हरवर होतं. कारण बाजूच्या ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ फोल्डरमध्ये क्लाउड-इनिटने (सर्व्हर पहिल्यांदा उभा करणाऱ्या प्रोग्रामने) ‘येस’ लिहिलेली फाइल ठेवलेली असते. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएच पहिलं वाचलेलंच खरं मानतो. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नका. ‘एसएसएचडी’ला (सर्व्हरवरच्या एसएसएच सेवेला) मोठ्या टीचा पर्याय देऊन सुडोने चालवा. प्रत्यक्षात काय लागू आहे ते तो छापतो. लहान टी दिला तर फाइलीत चूक आहे का तेवढं बघतो. सेवा रीलोड केल्यावर चालू खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघा, ती उघडली की मगच पहिली मिटा.

फेल-टू-बॅन (पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या पत्त्याला अडवणारा प्रोग्राम) बसवा, सुरक्षा अपडेट आपोआप होऊ द्या. पोर्ट २२ बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, त्याहून जास्त काही नाही.

सगळे विसरतात ती किल्ली

एवढं करूनही होस्टिंग कंपनीचं खातं साध्या पासवर्डवर असेल तर सगळं वाया. त्या खात्यातून कुणीही कन्सोल उघडू शकतो, डिस्कची नक्कल काढू शकतो, सर्व्हर पुसू शकतो. त्या खात्याला आणि ते ज्या ईमेलवर आहे त्या ईमेललाही दुहेरी पडताळणी लावा. एसएमएसपेक्षा ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडा बरा. सुटकेचे कोड (फोन हरवला तर आत जाण्याचे) कागदावर लिहून कपाटात ठेवा, फोनमध्ये नको. समितीतलं कुणी सोडून गेलं की त्याची किल्ली त्याच दिवशी काढा.

आणि कुणी आत शिरलंच तर? घाईने सर्व्हर पुसू नका. आधी डिस्कचा स्नॅपशॉट (जशीच्या तशी नक्कल) घ्या, लॉग दुसरीकडे उतरवून ठेवा, मग सगळ्या किल्ल्या बदला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्यांनी, कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

वाचनालयाच्या कपाटात आता एक वही आहे. कुणाकडे कोणती किल्ली, कधी दिली, कधी काढली, एवढंच त्यात असतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती उघडून मी सर्व्हरवरच्या किल्ल्यांच्या यादीशी ताडून बघतो आणि मोबाईल डेटावरून पॅनलचा पत्ता पुन्हा एकदा टाकतो. पान उघडत नाही, मग वहीत तारीख लिहितो.