देशाचं काम, वागळे इस्टेटचा गाळा

मी ज्या मॅडमकडे सहायक होते, त्यांचं काम युरोपातल्या एका मोठ्या प्रदर्शनात भारतातर्फे गेलं. कुठल्या, ते सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. मी स्वतः गेले नाही. माझी हद्द ठाण्यातला वागळे इस्टेटचा गाळा आणि फार तर न्हावाशेवा. तरी या धंद्यात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना सांगण्यासारखं बरंच काही त्या गाळ्यातच घडलं.

कॉलेजात आम्हाला वाटायचं, कधीतरी आपलंही नाव लागेल, व्हेनिसला जाऊ. पण नुसती वाट बघत बसाल तर हिशोब बघा. व्हेनिसचं द्वैवार्षिक प्रदर्शन १८९५ पासून भरतंय. तिथल्या जार्दिनी बागेत बऱ्याच देशांच्या स्वतःच्या इमारती आहेत, त्यात आपली नाही. भारताचं पहिलं अधिकृत राष्ट्रीय दालन २०११ साली झालं, क्युरेटर रणजित होस्कोटे. पुढचं थेट २०१९ मध्ये, गांधीजींच्या १५०व्या जयंतीच्या निमित्ताने. त्यात शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतं होती. फोटोत बघितली तरी अंगावर घालून बघावीशी वाटतात. म्हणजे मध्ये ८ वर्षं गेली. त्यापेक्षा २०१४ पासून कोचीच्या बिनालेबरोबर (बिनाले म्हणजे असंच द्वैवार्षिक प्रदर्शन) विद्यार्थ्यांचं वेगळं बिनाले भरतं, तिकडे लक्ष ठेवा. आणि तोवर कोणाच्या तरी गाळ्यात लागा.

मी जूनमध्ये लागले. महिना १५ हजार, कळव्याहून ये-जा. काम होतं तांब्याची तार आणि जुन्या लुगड्यांच्या चिंध्या विणून केलेल्या १८ चौकटींचं. पावसाळ्यात तांबं म्हणजे डोक्याला ताप. पहिल्याच आठवड्यात मी घाईत हातमोजे न घालता एक चौकट उचलली. त्या दिवशी काहीच दिसलं नाही. आठ दिवसांनी तारेवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, "अगं, हा तुझा आहे, माझ्या कामाचा नाही. काढ." दीड दिवस गेला.

ऑक्टोबरनंतर कला मागे पडली आणि कागद सुरू झाले. इथे नवखे लोक कंटाळतात, आणि खरं सांगायचं तर नोकरी इथेच पक्की होते. प्रदर्शनापुरता माल बाहेर जाऊन परत येणार असेल तर एटीए कार्नेट काढतात, म्हणजे तात्पुरत्या ने-आणीचा कस्टमचा कागद. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. मुदत एक वर्ष. त्यात प्रत्येक नगाचं वर्णन, वजन, किंमत लिहायची, आणि गेलं तेच परत यायला हवं. १८ लिहिले तर १८. शिवाय लुगडी जुनी होती. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते, म्हणून प्रत्येक लुगडं कुठून आलं याची वही ठेवली. ती वही माझ्याकडे होती. अर्ध्या नोंदी 'मामीची आई, डोंबिवली' अशा.

पेट्यांचा घोळ मात्र सांगायलाच हवा. परदेशी जाणाऱ्या भरीव लाकडाला आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता द्यावी लागते, कीड जाऊ नये म्हणून, आणि मग त्यावर कणसाचं चित्र असलेला शिक्का बसतो. प्लायवुडला हे लागत नाही. आमच्या पेट्या प्लायच्या, म्हणून मी निर्धास्त. मिस्त्रीकाकांनी खाली फोर्कलिफ्टसाठी जे ठोकळे मारले ते गाळ्यात पडलेल्या जुन्या लाकडाचे होते. माल उचलायला आलेला माणूस वाकला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "शिक्का कुठाय?" टेम्पो रिकामा परत गेला. चूक माझीच होती, पेटीला खालून बघायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. रबाळ्याहून शिक्क्याचं लाकूड आणलं आणि रात्री दोनपर्यंत सहा पेट्यांचे ठोकळे बदलले. काका एक शब्द बोलले नाहीत, फक्त चहाचे पैसे माझ्याकडून घेतले.

दुसरी गोष्ट, स्थिती-अहवाल लिहायला शिका. इंग्रजी मोडकं चालेल, मोघम चालणार नाही. 'थोडा चरा' असं लिहायचं नाही. 'डाव्या खालच्या कोपऱ्यापासून ४ सेंमी वर, ३ मिमी लांब' असं लिहायचं, सोबत पट्टी ठेवून काढलेला फोटो. हा कागद पेटीबरोबर जातो आणि तिकडे पेटी उघडणारा त्यावरून एकेक खूण ताडून बघतो. वाटेत काही मोडलं तर विमा मिळणं न मिळणं याच कागदावर असतं. मी १८ चौकटींना चार दिवस लावले. मॅडमना वाटलं मी वेळ काढतेय.

पेट्या पुढच्या वर्षी डिसेंबरात परत आल्या. तिकडच्या कोणीतरी माझ्या प्रत्येक ओळीसमोर बारीक टिक केली होती. एक ओळ नवीन होती, चौदाव्या चौकटीपुढे: 'मागे, पेन्सिलची खूण, मूळ अहवालात नाही.' मी चौकट उलटी करून बघितली. जुळणीसाठी मीच घातलेला नंबर, पुसायचा राहिलेला. त्या माणसाला तो आकडा आहे हे कळलं नसावं. त्याने '१४' हे चित्रासारखं हुबेहूब उतरवून घेतलं होतं, रुंदी ९ मिमी, शेजारी प्रश्नचिन्ह.