उपाहारगृहाच्या धंद्यात कष्ट कोठे खर्चावेत

उपाहारगृह काढणाऱ्या माणसाला कष्ट करण्याचा उपदेश सहसा लागत नाही. पहाटे माल उतरवून घेण्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत उभे राहण्याची तयारी नसलेला मनुष्य या धंद्यात पडतच नाही. अडचण येते ती हे कष्ट कोठे खर्च होतात याची. दिवसभर शेगडीपुढे राबणारा मालक तराजू आणि वही यांना रोज अर्धा तासही देत नसेल, तर गर्दी असूनही महिनाअखेरीस हाती काही उरत नाही, आणि का उरले नाही हेही त्याला सांगता येत नाही.

जागेचा करार करण्यापूर्वीच एक हिशेब मांडावा. भाडे, पगार आणि कर्जाचा हप्ता हे खर्च गिऱ्हाईक आले नाही तरी द्यावेच लागतात. एका माणसामागे सरासरी किती बिल होईल याचा अंदाज घेऊन हे स्थिर खर्च तशा किती बिलांएवढे होतात ते पाहावे. समजा, ते १,५०० बिलांएवढे भरले, आणि १०० च्या विक्रीतील ४० कच्चा माल, इंधन व पार्सलच्या बांधणीत गेले, तर स्थिर खर्च उरलेल्या ६० मधूनच भागवावे लागतात. १,५०० ला ०.६ ने भागले की २,५०० येतात. महिन्याचे २५ दिवस धरल्यास रोजची १०० माणसे झाली. एवढी आली की नफाही नाही आणि तोटाही नाही. या खर्चात मालकाने स्वतःचा पगार अवश्य धरावा. बरेच जण तो धरत नाहीत आणि फुकट केलेल्या श्रमांना नफा समजून बसतात.

आता ही १०० माणसे त्या जागेत बसतील का, हे तपासावे. ४० खुर्च्या असतील आणि गर्दी दोनच तास टिकत असेल, तर प्रत्येक जण ४० मिनिटांत उठल्यास १२० जणांना जागा मिळू शकते, एक तास बसल्यास मात्र ८० जणांनाच. प्रत्यक्षात आकडा याहूनही कमी भरतो, कारण चौघांच्या टेबलावर दोघेच बसलेले असतात. म्हणून दोघांची, गरजेनुसार जोडता येणारी टेबले अधिक घ्यावीत. गिऱ्हाइकाला घाईने उठवण्यापेक्षा ऑर्डर घ्यायला आणि बिल द्यायला लागणारा वेळ कमी करावा.

नवी उपाहारगृहे पहिल्याच वर्षी दहापैकी नऊ बुडतात असे सर्रास सांगितले जाते. एच. जी. पारसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कोलंबस शहरातील नोंदी तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे प्रमाण पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के, तर तीन वर्षांत सुमारे ६० टक्के आढळले. एका शहराच्या आकड्यांवरून जगाचे अनुमान काढू नये, तरी खरी कसोटी उद्घाटनानंतर बऱ्याच काळाने लागते एवढे त्यातून दिसते. सगळे भांडवल सजावटीत घालून खेळते भांडवल उधारीवर उभारणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते. पुरवठादाराचे पैसे वेळेवर देणाऱ्याला टंचाईतही माल मिळतो, ही पत पहिल्या महिन्यापासून जपावी.

मेन्यू लहान ठेवावा. पदार्थ वाढले की साठा वाढतो, नासाडी वाढते आणि आचाऱ्याचा हात बसत नाही. कोणता पदार्थ ठेवावा हे ठरवण्यासाठी कासावाना आणि स्मिथ या अमेरिकी अभ्यासकांनी १९८२ मध्ये मांडलेली पद्धत आजही सोपी आणि उपयुक्त आहे. प्रत्येक पदार्थ किती खपतो आणि एका ताटामागे माल वजा जाता किती पैसे उरतात, या दोनच गोष्टी त्यात पाहायच्या असतात. खप आणि शिल्लक दोन्ही कमी असलेला पदार्थ, मालकाच्या कितीही आवडीचा असला तरी, काढून टाकावा. खपतो पण फारसे काही उरत नाही, अशा पदार्थाचे प्रमाण किंवा किंमत हलक्या हाताने बदलून पाहावी.

ताटाचा खर्च काढताना खरेदीचा भाव धरणे ही नेहमीची चूक आहे. १० किलो भाजी निवडून-सोलून ८ किलोच उरली, तर तिचा खरा भाव सव्वापट झालेला असतो. यासाठी प्रत्येक कृती वजनासह लिहून भटारखान्यात लावावी. अंदाजपंचे चालणारी चव आचाऱ्याबरोबर नोकरी सोडून जाते. साधारणपणे कच्चा माल विक्रीच्या २८ ते ३५ टक्के असावा आणि माल व पगार मिळून ६० ते ६५ टक्क्यांच्या आत राहावेत, असा या धंद्यात ठोकताळा आहे. आकडा वर सरकला की भाव वाढवण्याआधी ताटे धुण्याच्या जागी तासभर उभे राहावे. काय उष्टे टाकले जाते आणि किती, हे तेथे जेवढे स्पष्ट दिसते तेवढे गल्ल्यावर बसून दिसत नाही.

स्वच्छतेत मात्र अंदाज चालवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, थंड अन्न ५ अंश सेल्सियसखाली आणि गरम अन्न ६० अंशांवर राखावे, तसेच शिजवताना आतपर्यंत ७० अंश गाठावेत. मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी उष्णता फार वेळ टिकते, म्हणून उरलेले अन्न उथळ ताटांत पसरून निववावे आणि मगच थंड ठेवावे. जुना माल पुढे, नवा मागे, आणि प्रत्येक डब्यावर तारीख, एवढी शिस्त पुरते.

दुसऱ्या शाखेचा विचार गर्दी पाहून करू नये. मालकाने आधी सलग एक महिना पहिल्या जागेपासून दूर राहावे आणि परतल्यावर मालाचा टक्का, रोजचा गल्ला व तक्रारींची वही पाहावी. तिन्ही जागच्या जागी असतील, तर नव्या जागेच्या भाड्याची बोलणी सुरू करण्यास हरकत नाही.