सांगलीत घरच्या घरी तापमानाची नोंद कशी ठेवायची

मोबाईलवर ४१ दिसलं की लगेच "यंदा रेकॉर्ड तुटलं" असं ग्रुपवर टाकण्याआधी स्वतः मोजून बघा की राव. साधा कमाल-किमान थर्मामीटर चालतो, फक्त पत्र्याखाली किंवा उन्हातल्या भिंतीला ठोकू नका, नाहीतर तो भिंतीचंच तापमान सांगणार. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, साधारण छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्या जागेत ठेवा आणि पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी सहसा ऊन आत येत नाही. रोज सकाळी साडेआठला आकडे वहीत लिहून रिसेट करा, आणि कमाल आकडा आदल्या दुपारचा असतो म्हणून तो कालच्या तारखेला टाका, घोळ इथंच होतो.

उष्णतेची लाट म्हणजे मैदानी भागात पारा किमान ४० आणि वर सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश जास्त, हा हवामान खात्याचा निकष. सरासरी ३० वर्षांची, १९९१ ते २०२० ची, त्यामुळं दोन-चार उन्हाळ्यांवरून ट्रेंड काढू नका.

किमान आकडा कुणी बघत नाही, पण रात्र गार पडली नाही की खरा त्रास तेव्हा होतो. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी तर हिवाळ्यात तोच बघावा, दिवस-रात्रीतला फरक वाढला की पिंक बेरी, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडणं, आलीच म्हणून समजा.

आणि महाबळेश्वरशी तुलना नको, डोंगरी भागाला ४० ऐवजी ३० चा निकष आहे.