रिप्रोड्यूसिंग पियानो: स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

"हळू आवाजाच्या भागात सूर गळतात, कुठला स्क्रू पिळू?" रिप्रोड्यूसिंग पियानोबद्दल, म्हणजे भोकांच्या कागदी रोलवरून आपोआप वाजणाऱ्या आणि वादकाचा हळू-जोरही काढणाऱ्या पियानोबद्दल, दर थोड्या दिवसांनी कोणीतरी हेच विचारतं. अरे बाबा, आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेव.

साध्या प्लेअर पियानोचं निभावून जातं, पण वेल्टे-मिन्योन (1904), ड्युओ-आर्ट, अँपिको या रिप्रोड्यूसिंग यंत्रणांच्या रोलवर सुरांच्या भोकांसोबत वादकाच्या जोराचीही भोकं असतात. ड्युओ-आर्टमध्ये 1, 2, 4, 8 अशा पायऱ्या जोडून शून्य ते पंधरा असे 16 जोर मिळतात, थीमला (मुख्य चालीला) वेगळे आणि साथीला वेगळे. आता ही सगळी इमारत शून्यावर, म्हणजे सगळ्यात हळू जोरावर, उभी, आणि लोक नेमकं तेच शून्य हलवतात.

एका गृहस्थांनी तेच केलं होतं. मधल्या पट्टीतले चार-पाच सूर हळू वाजताना गायब, म्हणून शून्याची स्प्रिंग आवळली, सूर आले खरे पण हळुवार जागाही ओरडायला लागल्या, मग वरचा जोर कमी केला, शेवटी सगळा रोल एकाच आवाजात, आणि वर तक्रार की "रोलच खराब आहे". मी रोल काढून ठेवला आणि त्या पट्ट्या बोटाने अगदी हळू दाबून बघितल्या. बोटाखालीही तेच सूर गळत होते! दमटपणाने हॅमरच्या सांध्यातली फेल्ट फुगून पिना आवळल्या होत्या. म्हणजे दोष पियानोत, आणि शिक्षा हवा ओढून पट्ट्या हलवणाऱ्या भात्याला. पिना सैल केल्या, टेस्ट रोल (जोर तपासायचा खास रोल) लावून शून्य परत जागेवर आणलं, रोल ठणठणीत निघाला.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी बोटाने पियानो, मग नळ्या आणि भात्यांची गळती, ट्रॅकर बारमधली (रोल जिच्यावरून सरकतो ती भोकांची पट्टी) धूळ, आणि सगळ्यात शेवटी टेस्ट रोल. कंटाळवाणं आहे, माहितीये. गळती शोधायचा कंटाळा म्हणून मोठा सक्शन पंप लावणारे तर मला अजिबात आवडत नाहीत, हवा गळतच राहते आणि जोराच्या पायऱ्यांचा पत्ता नाही.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे भात्यांचं कापड पांढऱ्या सुतारी गोंदाने चिकटवणं. सरस गरम करा, ब्रशने लावा, हात बरबटतील, वास येईल, पण पुढच्या माणसाला ऊब आणि ओलावा देऊन तो सोडवता येतो. पांढरा गोंद लाकडात मुरतो, कापड ओढलं की लाकडाचे टवके निघतात आणि त्या जागी नवा सरस धरत नाही. "वेळ वाचला" म्हणणाऱ्याला ते परत उघडायचं नसतं, म्हणून सुचतं हे.

बाकीचं पटकन. अँपिकोचा रोल ड्युओ-आर्टवर लावला तर सूर वाजतील, भाव चुकतील. वेल्टेचा लाल रोल जास्त रुंद असतो, तो बसणारच नाही. रोलवरचा टेंपो 70 म्हणजे मिनिटाला 7 फूट कागद, घड्याळ लावून मोजा, कानावर जाऊ नका. फाटलेल्या कडेला साधी चिकटपट्टी नको, डिंक पसरून पुढचा वेढा चिकटतो.

आणि डिस्कक्लाव्हिअरला (यामाहाचा आपोआप वाजणारा इलेक्ट्रॉनिक पियानो) बाहेरून मिडी (सुरांचे डिजिटल संदेश) पाठवल्यावर सूर अर्ध्या सेकंदाने वाजला तर मेकॅनिकला फोन करू नका. हळू सुराच्या हॅमरला तारेपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, तो फरक झाकायला यामाहाने 500 मिलिसेकंद मुद्दाम ठेवलेत, सेटिंगमधून बंद करता येतात.